एकरी ४००० साठी नैसर्गिक शेती करावी का, आणि औषधं आधी कुठली बंद करावीत: संकेश्वरकडच्या शेतकऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. संकेश्वरजवळ साडेतीन एकर रान, त्यात दोन एकर ऊस, एक एकर सोयाबीन आणि त्याच्यावर शाळू (रब्बी ज्वारी) नाहीतर हरभरा, राहिलेल्या वीस गुंठ्यात संकेश्वरी मिरची. गडहिंग्लजचे पाहुणे म्हणाले नैसर्गिक शेती केली की सरकार एकरी चार हजार देतं, तेव्हापासून तुमच्या मनात आहे की यंदा खतं-औषधं सगळीच बंद करायची, वडील म्हणतात घर बुडेल. आणि तुम्हाला विचारायचंय की हे पैसे आपल्याला कर्नाटकात मिळतात का, अर्ज कुठं द्यायचा, कन्नड वाचता येत नाही त्याचं काय, आणि जोवर औषध मारावंच लागतंय तोवर त्यातल्या त्यात कमी विषारी कुठलं.

मी निपाणीकडचा. बरीच वर्षं साखर कारखान्याकडं फिल्डमन होतो, आता घरची शेती आणि आमच्या पट्ट्यातल्या सेंद्रिय गटाचं काम बघतो, म्हणजे कागद, शेताची पाहणी, विक्री, भांडणं मिटवणं सगळंच. तुम्ही विचारलंय चार हजार कुठं मिळतात, पण मला दिसतो तो खरा प्रश्न वेगळाच आहे. खतं-औषधं बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन हंगामात उत्पन्न हललं तर ते कुणी सोसायचं, हा तो प्रश्न. वडिलांची भीती तीच आहे आणि ती खोटी नाही. सरकारी मदत शिकायचा खर्च थोडाफार भागवते, पिकाचा तोटा भागवत नाही. हे एकदा डोक्यात घेतलं की कुठला एकर आधी घ्यायचा आणि कुठला थांबवायचा ते आपोआप सुचतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथनं सांगता येणार नाहीत. गाव योजनेच्या क्लस्टरमध्ये (निवडलेल्या पट्ट्यात) आहे का, जमिनीचा उतारा कुणाच्या नावावर आहे, दावणीला जनावरं किती, घरात राबणारी माणसं किती, शेजारचा बांधाला लागून काय मारतो. ही उत्तरं बदलली की सल्लाही बदलतो.

आधी पाहुण्यांचं बोलणं. ते म्हणतात ती योजना केंद्राची, राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २४८१ कोटींची मंजुरी दिली, ती महाराष्ट्रातही आहे आणि आपल्याकडंही आहे. पण राबवतं राज्य, आणि रान ज्या राज्यात त्या राज्याच्या कृषी खात्याकडनंच. सातबारा असेल तर तिकडचं महाडीबीटी पोर्टल, आपल्याकडं पहाणी (कर्नाटकचा जमिनीचा उतारा) आहे म्हणजे कर्नाटकचा एफआयडी (शेतकऱ्याचा ओळख नंबर). घरात कुठली भाषा बोलता, पाहुणे कुठले, याचा काही संबंध येत नाही. सीमेवर काही जणांची थोडी जमीन अलीकडं थोडी पलीकडं असते, त्यांना दोन्हीकडं वेगवेगळी नोंद करावी लागते, तुमची सगळी इकडंच आहे म्हणजे एकच काम.

या योजनेत पैसे मिळतात ते एकराला वर्षाला ४०००, दोन वर्षं, आणि एका शेतकऱ्याला एका एकरापुरतेच. म्हणजे साडेतीन एकर नैसर्गिक केलं तरी चौदा हजार येणार नाहीत, चारच येणार. दुसरं म्हणजे हे क्लस्टरवर चालतं, देशभरात १५,००० क्लस्टर आणि साडेसात लाख हेक्टर असं ठरलंय, म्हणजे एका क्लस्टरला ५० हेक्टर. तुमचं गाव त्यात नसेल तर एकट्यानं कितीही चांगली शेती केली तरी ते पैसे खात्यावर येत नाहीत. पहिली मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, तेव्हा चालू वर्षाची गावांची यादी रयत संपर्क केंद्रातच (कृषी खात्याचं जवळचं कार्यालय) बघून घ्या, कुणाच्या व्हॉट्सॲपवर जाऊ नका.

दुसरी योजना जुनी आहे, परंपरागत कृषी विकास योजना, २०१५-१६ पासूनची. ती गटाची असते, २० हेक्टरच्या आसपास गट, तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० शेतकऱ्याच्या खात्यावर आणि बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र, पॅकिंग, विक्री यासाठी. एकरावर आणून बघा, वर्षाला दोन हजार होतात. आमच्या गटानं प्रमाणपत्र काढलं ते याच वाटेनं आणि मी कुणालाही सांगेन की त्या दोन हजारापेक्षा गट बांधला गेला हा फायदा मोठा.

आता हिशेब करू. दोन एकर उसात तुम्ही एकदम युरिया-डीएपी बंद केलं आणि एकरी पाचच टन ऊस कमी भरला, टनाला तीन हजार धरले तरी एकराला पंधरा हजार गेले. चार हजार घेऊन पंधरा हजार घालवायचे, हे वडील कसे मान्य करतील? आणि कारखाना ऊस घेतो तो वजनावर आणि साखरेच्या उताऱ्यावर, तुमचा ऊस जीवामृतावर वाढला की युरियावर हे गव्हाणीत कुणी विचारत नाही, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, दोघांना तीच. जादा भाव मिळवायचा तर स्वतःचा नाहीतर गटाचा रसायनमुक्त गूळ करून विकायला पाहिजे, ते वेगळं काम आहे, गुऱ्हाळ आणि गिऱ्हाईक दोन्ही हाताशी असलं तरच.

तणाचंही तेच. तणनाशक बंद केलं की भांगलण वाढते, एका भांगलणीला एकरी आठ-दहा बायका धरा, तुमच्याकडच्या आजच्या हजेरीनं गुणा आणि त्या चार हजारातले किती उरतात बघा. माझं स्पष्ट मत आहे की सरकारला खरंच ही शेती वाढवायची असेल तर पैसा भांगलणीच्या मजुरीला आणि पहिल्या तीन वर्षांच्या घटीला द्यायला हवा. आज युरियाचं ४५ किलोचं पोतं आपल्याला २६६ रुपयांच्या आसपास पडतं, बाकीचा सगळा भार केंद्र उचलतं आणि त्यासाठी ना क्लस्टर लागतो ना पाहणी, दुकानात अंगठा लावला की झालं. शेणखताची ट्रॉली मात्र ज्यानं त्यानं आपल्या खिशातनं आणायची. रासायनिक खत कमी वापरलं तर वाचलेल्या सबसिडीतला ५० टक्के वाटा राज्याला द्यायचा असं २०२३ मध्ये पीएम-प्रणाम योजनेत ठरलं, चांगलं आहे, पण तो वाटा राज्याला जातो, ज्यानं पोती कमी टाकली त्याच्या खात्यावर येत नाही. हे बदलावं म्हणून आम्ही प्रत्येक मेळाव्यात बोलतो आणि तुम्हीही बोला.

मग करायचं काय? एकदम सगळं बंद करायचं नाही. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या शेवटी मागं घ्यावी लागली, भात आणि चहा दोन्हीला फटका बसला. देशाला जे जमलं नाही ते साडेतीन एकराच्या घरानं एका हंगामात का करावं?

तुमच्या जागी मी असतो तर सोयाबीन-शाळूचा एकर आधी घेतला असता. सोयाबीन स्वतःचं नत्र बरंचसं स्वतः मिळवतं, शाळू तर जमिनीतल्या ओलीवर येणारं पीक, त्याला फार मागणं नसतं. इथं घट आली तरी थोडी येते. शिवाय योजनेचे पैसे एका एकराचेच आहेत, तुमचा हा तुकडाही बरोबर एक एकर. बियाण्याला रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी) लावा, शेणखत जेवढं असेल तेवढं सगळं याच एकराला द्या, साडेतीन एकरात विखरून टाकलं तर कुठंच पुरत नाही. जीवामृताचं प्रमाण तुम्हाला कुणीही सांगेल, २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन, बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवून दिवसातनं दोन वेळा ढवळायचं. देशी गाय नाही म्हणून अडून बसू नका, आमच्या गटातले कितीतरी जण म्हशीच्या शेणावर सुरू झाले. पण एक लक्षात ठेवा, १० किलो शेणात नत्र ते किती असणार, जीवामृत हे खत नाही, जमिनीतले जीव जागे करायचं साधन आहे, आणि त्या जिवांना खायला पालापाचोळा, शेणखत, हिरवळीचं काहीतरी जमिनीत नसेल तर नुसतं पाणी घातल्यासारखं होतं. ताग-धैंचाचं बी रयत संपर्क केंद्रात सवलतीत येतं, मे महिन्यात जाऊन विचारा, जूनमध्ये संपलेलं असतं.

उसाचं वेगळं. तिथं रसायन शून्य करायचं नाही, पण तीन गोष्टी यंदापासनं करता येतात आणि त्यांना कुठल्या योजनेची वाट बघायला नको.

पहिली, पाचट (उसाचा वाळला पाला) जाळायचं नाही. तोड झाली की काडी लावायची सवय आपल्याकडं अजून गेलेली नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते जाळणं म्हणजे फुकट आलेला सेंद्रिय कर्ब धूर करून सोडणं. खोडव्यात (तोडीनंतर परत फुटणाऱ्या उसात) सरीत दाबून घ्या, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू खत, पाणी दिलं की बसतं. कुट्टी करायची तर होबळीच्या (तालुक्याखालचा गावांचा गट) ठिकाणच्या कृषी यंत्रधारे केंद्रात मशीन भाड्यानं मिळतं का बघा, दोघातिघांनी मिळून घेतलं तर परवडतं. पहिल्या महिन्यात रान घाण दिसतं, लोक नावं ठेवतात, पण एप्रिल-मेच्या उन्हात हे पाचट उचलून खाली बोट घाला, ओल लागते, आणि शेजारच्या जाळलेल्या फडात त्याच दिवशी भेगा असतात. पाण्याची एखादी पाळी लांबते ती इथं, आणि तणही दबतं म्हणजे भांगलण वाचते.

दुसरी, युरिया. आपल्या भागाला उसाची नत्राची शिफारस साधारण हेक्टरी २५० किलो आहे, म्हणजे एकरी १००, युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र, पाचच्या आसपास पोती झाली आणि त्यात डीएपीतलंही नत्र धरायचं. मी फिल्डमन असताना आठ-दहा पोती टाकणारे कितीतरी बघितले. तुम्ही किती टाकता ते लिहिलं नाही, पण शिफारशीच्या वर असाल तर खाली या, तिथं उत्पन्न घटणार नाही, उलट लोळणं आणि किडीचा त्रास कमी होईल.

तिसरी, हुमणी, म्हणजे मुळ्या खाणारी जमिनीतली अळी. हिरण्यकेशीच्या काठानं हुमणी असते आणि हुमणी म्हटलं की थायमेट असं समीकरणच होऊन बसलंय. त्यातलं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. जुना साठा म्हणून कुणी कागदाच्या पुडीत देत असेल तर घेऊ नका, ते लाल पट्ट्यातलं विष, हातानं सरीत टाकताना अंगात जातं. हुमणीला खरा मार द्यायचा तो मे-जूनमध्ये. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की दिवेलागणीनंतर भुंगे जमिनीतनं वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात. बॅटरी आणि रॉकेल टाकलेलं पाणी बादलीत घेऊन जायचं, खाली ताडपत्री अंथरून फांदी गदागदा हलवायची, टपाटपा पडतात, गोळा करून बादलीत. एक मादी मेली की तिच्या पुढच्या सगळ्या अळ्या टळल्या. हे एकट्यानं करून उपयोग नाही, शेजारच्या झाडावरचे भुंगे तुमच्याच रानात अंडी घालतात, म्हणून आठवडाभर आख्ख्या शिवारानं करायचं, आणि पोरांना यात लई उत्साह असतो. मग भरणीच्या वेळी शेणखतात मिसळून मेटारायझियम ओलीवर टाकायचं, ती बुरशी आहे, कोरड्या मातीत मरते, आणि तिच्याबरोबर बुरशीनाशक टाकायचं नाही. हुमणी खाणारे सूत्रकृमीही आता मिळतात.

हे जैविक प्रकरण चालतं का असं वडील विचारतील. त्यांना उसावर आलेल्या लोकरी मावा किडीची आठवण करून द्या. २००२ साली सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता आपल्या बेळगाव जिल्ह्यात आला, पानं पांढरीफट्ट, खाली काजळी. उभ्या उसात शिरून फवारणी करताच येत नव्हती, करणाऱ्याचं अंग चिकट व्हायचं आणि औषध माव्यापर्यंत पोचायचं नाही. शेवटी तो आटोक्यात आला तो डिफा नावाच्या अळीनं आणि मायक्रोमस नावाच्या किड्यानं, धारवाडच्या कृषी विद्यापीठानं आणि कारखान्यांनी ते वाढवून फडाफडात सोडले. पानाच्या मागं माव्याच्या पांढऱ्या थरात डिफाची हिरवट अळी जाळं करून बसलेली असायची, ती दिसली की आम्ही शेतकऱ्याला सांगायचो आता पंप उचलू नकोस, औषध मारलंस तर आधी ही मरेल.

तर इथपर्यंतचं एवढं धरा: योजनेचा एकर म्हणजे सोयाबीन-शाळूचा, ऊस आहे तसा ठेवून त्यात पाचट, युरिया आणि हुमणी या तीन जागी सुधारणा, आणि मिरची राहिली.

मिरचीवर मी थोडा जास्त बोलतो, कारण तुमच्या घरातलं सगळ्यात जास्त विष या वीस गुंठ्यात जात असणार, आणि तुमची इच्छा नेमकी इथंच सगळं बंद करायची दिसते, नैसर्गिक संकेश्वरीला भाव मिळेल म्हणून. भाव मिळतो, खरं आहे. पण पहिल्याच वर्षी मिरची पूर्ण नैसर्गिक करायला घेऊ नका. फुलकिडे आणि कोळी (पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड) दोन्ही तिच्यावर येतात, शिकायच्या आधीच प्लॉट बसला तर तुमचं मनही बसेल आणि वडिलांना ‘बघ, म्हटलं होतं’ म्हणायला मिळेल. मिरचीत आधी विषाची पायरी उतरायची.

औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा. खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे अतिविषारी, कवटीचं चित्र असतं, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पहिला नियम असा करा की लाल घरात येणारच नाही, पिवळं फक्त दुसरा इलाज नसेल तेव्हा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ पासूनच बंदी आहे, तरी मिरचीवर मारणारे मला माहीत आहेत. ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस ही २०२० अखेरपासून बंद. पण हिरवा रंग म्हणजे निर्धोक असं समजू नका, तो रंग एवढंच सांगतो की पोटात किंवा कातडीतनं अंगात गेलं तर लगेच किती घातक, मधमाशीचं, माशाचं, तुमच्या विहिरीचं काय होतं ते त्या रंगात नसतं. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल हे अळीचं औषध हिरव्यात आहे पण ओढ्याच्या कडेला डबा धुतलात तर पाण्यातले जीव मरतातच. आणि लेबलावर ते औषध तुमच्या पिकाला मंजूर आहे का आणि शेवटच्या फवारणीनंतर तोड्याला किती दिवस थांबायचं, हे लिहिलेलं असतं ते वाचा, छापील अक्षर बारीक असतं, मोबाईलनं फोटो काढून मोठं करा. संकेश्वरी आपण लाल करून वाळवून विकतो, वाळवल्यावर पाणी उडून जातं, मागं राहिलेला औषधाचा अंश कमी वजनात येतो.

सगळ्यात जास्त औषध वाया जातं ते कीड न ओळखता मारल्यामुळं. पान मुडपलं की आपण बोकड्या म्हणतो आणि दुकानदार देईल ते तीन मिसळून मारतो. एक पान हातात घ्या. कडा वरच्या बाजूला वळल्या असतील, होडीसारखं पान झालं असेल तर फुलकिडे, आणि कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं, देठ लांबलेला असेल तर कोळी. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक पिवळसर धावणारे दिसले तर फुलकिडेच. कोळ्यावर बरीचशी नेहमीची कीटकनाशकं मारून काही होत नाही, तिथं गंधक चालतं, ते स्वस्तही आहे, फक्त कडक उन्हात मारू नका, पानं करपतात. फुलकिड्याला निळे चिकट सापळे लावा, रोपं नायलॉनच्या जाळीत वाढवा, प्लॉटभोवती लावणीच्या आधी मक्याच्या दोन ओळी टोकून घ्या, आणि ५ टक्के निंबोळी अर्क सुरुवातीपासूनच ठरावीक दिवसांनी. ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातनं गाळायचा, १०० लिटर पाणी करायचं. संध्याकाळी मारा, उन्हात त्याचा जोर जातो. एवढं करून कीड वाढलीच तर मग एक औषध, एकच, लेबलावर मिरची लिहिलेलं, आणि पुढच्या वेळी त्याच गटातलं नको, नाहीतर कीड ते पचवायला शिकते.

फवारणीला कोण जातं तुमच्यात? गडी असेल तर मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्याचा शर्ट तुम्ही द्यायचा, त्याच्यावर सोडायचं नाही. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ती सगळी कष्टकरी माणसंच होती. तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, असं दिसलं की कपडे काढून अंग धुवायचं आणि दवाखान्यात नेताना डबा बरोबर न्यायचा, डॉक्टरला औषधाचं नाव कळलं की ॲट्रोपिन (त्या विषावरचा उतारा) द्यायचं की नाही ते लगेच ठरवता येतं.

अजून एक सावधगिरी. नैसर्गिककडं वळलेल्या माणसाला गाठायला ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या रंगीत बाटल्या घेऊन पोरं गावोगाव फिरतात. चोवीस तासात अळी खाली पडते असं कुणी जैविक औषधाबद्दल सांगितलं की समजा आत रसायन मिसळलेलं असू शकतं, कारण बुरशी-जिवाणू इतक्या वेगानं मारत नाहीत. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि जैविक कीडनाशकालाही त्याखाली नोंदणी लागते. नोंदणी नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि पक्की पावती, यातलं एक जरी नसेल तर परत करा. मेटारायझियम, ट्रायकोडर्मा शक्यतो कृषी विज्ञान केंद्राकडनं आणा, आपल्या जिल्ह्यात तुक्कानट्टी आणि मत्तिकोप्प अशी दोन आहेत, नाहीतर धारवाड विद्यापीठाकडनं. संकेश्वरला तर विद्यापीठाचं ऊस संशोधन केंद्रच आहे, तिथं उसाचं विचारायला जात जा.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. देशात विकायला पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानंच द्यायचं प्रमाणपत्र, पुरतं, परदेशी पाठवायला वेगळं लागतं. पीजीएसला किमान पाच शेतकरी, एकमेकांची शेतं एकमेकांनीच तपासायची. आमच्याकडं पाहणीला पाचसहा जण बांधावरनं चालत जातात, रिकाम्या बाटल्या कुठं पडल्यात बघतात, पंप कुठला वापरला विचारतात, आणि शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा ज्या बाजूनं येतो तिथं दोन-तीन ओळी सोडून बाकीचं पीक धरतात. सगळ्यात जास्त वाद याच ओळींवर होतो. तेव्हा शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, जमलं तर त्यालाच गटात घ्या.

आता कागद. रयत संपर्क केंद्र होबळीला असतं, तिथं एफआयडी काढायचा, आधार, बँक पासबुक, पहाणीचे सगळे सर्व्हे नंबर, जातीचा दाखला असेल तर तोही. हा नंबर नसेल तर बियाण्यापासून यंत्रापर्यंत कुठलीच सवलत मिळत नाही. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते उताऱ्यावर, पहाणी अजून आजोबांच्या नावावर आणि आजोबा वारलेले. तसं असेल तर आधी तलाठ्याकडं वारसा लावून घ्या, त्याला वेळ लागतो, तोवर वडिलांच्या नावानं जे होतं ते करा. कन्नडचं म्हणाल तर अर्ज कन्नडमध्येच असतो, पण त्यासाठी मागं राहू नका. गावात संजीवनी बचत गटाची कृषी सखी असेल तर या योजनेत शेतकऱ्याला मदत करणं तिचं कामच आहे, तिच्याकडनं भरून घ्या, सही करायच्या आधी कुठल्या सर्व्हे नंबरला, किती एकराला, कुठल्या बँक खात्याला हे तीन आकडे तुम्ही स्वतः ताडून बघा, आकडे तर वाचता येतातच. पोचपावती मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा. केंद्रातले बरेच जण मराठी बोलतात, न लाजता विचारा.

वडिलांशी बोलताना योजनेपासून सुरुवात करू नका. ऊस आहे तसा राहणार आणि मिरचीचा औषधाचा खर्च कमी करणार, एवढंच आधी सांगा. सोयाबीनच्या एकराचं नंतर काढा, आणि पहिल्या वर्षी त्यातल्या वीस गुंठ्यात तुमच्या पद्धतीनं, वीस गुंठ्यात त्यांच्या पद्धतीनं असं झालं तरी चालेल, खर्च मात्र दोन्हीकडचा वहीत लिहा, मजुरीसकट. योजनेत नाव लागलं असेल तर नियमाला किती क्षेत्र दाखवावं लागतं ते केंद्रात विचारून मगच अशी वाटणी करा.

आणि माती तपासून घ्या, सोयाबीन काढल्यावर शाळूची पेर व्हायच्या आधी. उसाच्या रानाचा नमुना वेगळा, एकत्र करू नका. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ आकडे येतात, मला त्यातले सेंद्रिय कर्ब, सामू (पीएच) आणि ईसी (क्षारांचं माप) हे तीन लिहून पाठवा. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर पहिलं वर्ष नुसतं शेणखत-पालापाचोळा जमिनीत घालायचा, ईसी जास्त असेल तर जीवामृताच्या आधी पाण्याचा निचरा बघावा लागेल, काळ्या रानात पाटपाणी खाऊन खाऊन ते होतं. पत्रिका हातात आली की शेणखत किती ट्रॉली आणि कुठल्या तुकड्याला ते आपण ठरवू.